माडावर वायर टाका आणि गावाचं रेडिओ स्टेशन काढा म्हणे

परवा रात्री साडेदहाला डिचोलीहून बहिणीचा फोन. "दादा, तुझ्या भाच्याने माडावर वायर चढवायला पाडेल्याला पैसे दिलेत, विचारलं तर म्हणतो कायद्यात बसतं, थांब तुला पाठवते." आणि आलं ते फॉरवर्ड, दोन बाणांची खूण असलेलं. खरं तर माझ्याकडे ते आधी तीन ग्रुपवरून आलं होतं आणि मी न वाचता उडवलं होतं. घरातलंच पोरगं त्याच्यावरून माडावर वायर चढवेल असं कुणाला वाटतं?

ज्यांच्याकडे अजून पोचलं नाही त्यांच्यासाठी त्यात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगतो. १०० मिलीवॅटचं एएम रेडिओ स्टेशन भारतात कुणीही लायसन्सशिवाय चालवू शकतो. नऊ व्होल्टचं किट घ्या, वायर माडावर चढवा, १६७० किलोहर्ट्झवर लावा, पाच किलोमीटर ऐकू जाईल, मोबाइलवरसुद्धा. एएमच्या लहरी जमिनीतून जातात म्हणून हवाई लहरींचा कायदा लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली लहरी जनतेच्या मालकीच्या ठरवल्यात. पकडलंच तर दंड १०० रुपये. रेंज वाढवायला अर्थची वायर घरातल्या प्लगच्या डाव्या भोकात, न्यूट्रलला जोडा. आणि शेवटी, मुक्तिलढ्यात गोंयकारांनी जंगलातून रेडिओ चालवला तेव्हा लायसन्स कुणी विचारलं? खाली तिरंगा, जोडलेले हात आणि 'जत्रेचं नाटक घराघरांत पोचवा'.

आधी न्यूट्रलचं बोलू, बाकीच्या मुद्द्यांनी फार तर केस होईल, याने माणूस जाईल.

फॉरवर्ड म्हणतं न्यूट्रल ही 'शून्य व्होल्टची सुरक्षित वायर'. पुस्तकात ठीक आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात टेस्टर टाकून डिचोलीला गेलो. भाच्याच्या खोलीतलं भिंतीवरचं सॉकेट बरोबर होतं, उजव्या भोकात टेस्टर पेटतो, डाव्यात नाही. पण त्याने टेबलावर ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे जत्रेच्या फेरीत घेतलेला, दोन पिनांच्या प्लगचा. त्याच्या डाव्या भोकात टेस्टर घातला आणि दिवा पेटला. प्लग काढून उलटा करून लावला, विझला. पुन्हा उलटा, पुन्हा पेटला. पोरगं बघत राहिलं. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, त्यामुळे आज जी न्यूट्रल ती उद्या झाडू मारताना कुणी प्लग काढून परत लावला की फेज, म्हणजे झटका देणारी वायर. आणि या किटमध्ये अर्थची वायर, सर्किटचा मायनस आणि माइकच्या जॅकचा धातू हे सगळं एकाच ठिकाणी जोडलेलं असतं. म्हणजे पोरगं फरशीवर अनवाणी उभं, हातात लोखंडी माइक, माइकवर २३० व्होल्ट, आणि तोंडाने 'नमस्कार श्रोतेहो'.

यावर एकजण मला म्हणाला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, ट्रिप होईल की. होईल, असला तर. बहिणीचं घर सासऱ्यांच्या वेळचं, मीटरखाली अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत, आणि असली घरं आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय वायरिंग अगदी बरोबर असलं तरी पावसात पोलावर न्यूट्रल तुटली की घरातले दिवे-पंखे यांच्यातून फेज न्यूट्रलवर येते. तेव्हा ती 'सुरक्षित वायर' किती सुरक्षित ते वायरमनला विचारा.

ही कल्पना हवेतून आलेली नाही, एवढं मान्य. विजेच्या तारांमधून एएम सोडायची पद्धत खरी आहे, तिला कॅरियर करंट म्हणतात, अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीत पोरांनी १९३६ साली कॉलेजच्या इमारती अशाच तारांनी जोडून रेडिओ सुरू केला आणि मग पुष्कळ कॉलेजांनी ते उचललं. पण तारेत सिग्नल सोडायला मध्ये त्या कामासाठीचे कपॅसिटर आणि कपलिंग लागतं, जे विजेला अडवतं आणि रेडिओचा सिग्नल तेवढा जाऊ देतं. आपल्या फॉरवर्डवाल्याने कपॅसिटर गाळला आणि भोक ठेवलं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर या फॉरवर्डचं मूळही तिथेच आहे. १०० मिलीवॅटचा नियम खरा आहे. तो अमेरिकेच्या एफसीसीच्या, म्हणजे रेडिओवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याच्या, नियमावलीत भाग १५ मध्ये आहे. छंद म्हणून घरी छोटं एएम स्टेशन चालवणारे लोक तिथे खरोखर आहेत आणि तो छंद छानच आहे, मला हेवा वाटतो त्यांचा. कुणीतरी तो मजकूर उचलला, अमेरिका खोडून भारत लिहिलं, आणि खोडताना १६७० तसंच राहून गेलं. आपल्याकडे मीडियम वेव्ह, म्हणजे एएम स्टेशनांचा पट्टा, १६०२ ला संपते. १७०० पर्यंतचा वाढीव पट्टा त्या खंडात आहे. घरातल्या जुन्या रेडिओचा काटा उजवीकडे फिरवून बघा, १६०० च्या आसपास अडकेल. म्हणजे गावातल्या बऱ्याच सेटवर जे लागणारच नाही तिथे आमचा भाचा नाटक लावणार होता.

आणि गंमत म्हणजे त्याच अमेरिकन नियमात पुढे लिहिलंय की अँटेना, तिच्यापर्यंतची वायर आणि अर्थची वायर मिळून लांबी ३ मीटरच्या वर जाता कामा नये. माड केवढा असतो? तेव्हा माडाची आयडिया अमेरिकेतसुद्धा बेकायदाच. (वर वायर, शेजारून विजेची लाइन, आणि वैशाखातल्या विजा, हे मी बहिणीला वेगळं सांगितलं, ती आधीच घाबरलेली होती.)

पाच किलोमीटरचं गणित जरा बघा, कारण भाच्याला तेच सगळ्यात जास्त पटलं होतं. १००० किलोहर्ट्झ धरा, डायलच्या साधारण मधोमध. लहरीची लांबी ३०० मीटर. नीट अँटेना हवी तर तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ७५ मीटर. तुमची ३ मीटरची काठी तिच्यासमोर खेळणं. अशा काठीचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे किती ताकद लहर होऊन बाहेर पडेल ते सांगणारा आकडा, येतो साधारण ०.०४ ओहम, आणि जमिनीत वाया जाणारा रेझिस्टन्स वीस-तीस ओहम सहज असतो. म्हणजे हजार भाग ताकद दिली तर एक-दोन भाग लहर होऊन बाहेर पडणार, बाकीची माती गरम करणार. त्यात आपली जमीन जांभ्याची. चिऱ्याच्या खाणीवर घर असलेल्या कुणालाही विचारा, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ किती ओततात, आणि तरी उन्हाळ्यात काय मिळतं.

आमच्या घरी पणजी आकाशवाणी १२८७ वर लागायची, तो ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा. १०० मिलीवॅट म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग.

पण किट चालतं, हे खोटं नाही. मी पोचायच्या आधी भाच्याने बॅटरीवर लावून बघितलंच होतं. पडवीतून विहिरीपर्यंत आवाज आला, पंधरा पावलं म्हणा, त्याच्या पुढे नुसतं घूं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला ओळखीचा आहे, मीही कॉलेजात एका ट्रान्झिस्टरवर असलं काहीतरी टेबलावर जुळवून शेजारच्या रेडिओत स्वतःचा आवाज ऐकला होता आणि दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. पंधरा पावलांचे पाच किलोमीटर करणाऱ्यांवर माझा राग आहे, पोरावर नाही.

आता तो 'जमिनीतून' मुद्दा. ग्राउंड वेव्ह हा शब्द कुणीतरी कुठेतरी वाचला आणि त्याला वाटलं लहरी उंदरासारख्या बिळातून जातात. ग्राउंड वेव्ह जमिनीला धरून, पृष्ठभागाच्या वळणाने पसरते, एवढाच त्याचा अर्थ. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात रेडिओ लहरींची व्याख्याच दिली होती, कृत्रिम वाटेशिवाय अवकाशातून पसरणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी, त्यात हवा की जमीन असा काही प्रश्नच नाही. शिवाय लहरी जमिनीतून जातात म्हणून कायदा लागत नाही असं म्हणायचं आणि चार ओळींनंतर हवाई लहरी जनतेच्या म्हणून सुप्रीम कोर्टाला बोलवायचं, हे लिहिणाऱ्याने स्वतः तरी एकदा वाचलं होतं का?

सुप्रीम कोर्टाचा निकाल मात्र खरा आहे, आणि भले भले यात फसतात, म्हणून सांगतो. फेब्रुवारी १९९५, माहिती-प्रसारण मंत्रालय विरुद्ध क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल. मॅच टीव्हीवर दाखवायच्या हक्कावरून भांडण. कोर्टाने म्हटलं की हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. फॉरवर्ड इथे थांबतं. कोर्ट थांबलं नाही, पुढे म्हटलं की म्हणूनच त्यांचा वापर सार्वजनिक प्राधिकरणाने जनतेच्या हितासाठी नियंत्रित करायला हवा. गावची तळी सगळ्यांची, म्हणून मी उठून तिच्यात ट्रॅक्टर धुतला तर चालेल का? त्या निकालानंतरच सरकारी मक्तेदारी सैल झाली, खासगी एफएम आलं, पुढे २००६ पासून गावातल्या संस्थांना कम्युनिटी रेडिओ मिळू लागला. पण तेही एफएमवर, १०० वॅटपर्यंत, आणि नोंदणी झालेल्या संस्थेला, एकट्या माणसाला नाही. मीडियम वेव्ह आकाशवाणीकडेच राहिली. लायसन्सशिवाय चालतात त्या गोष्टी आहेत की, वायफाय, ब्लूटूथ, गाडीची रिमोट चावी, पण कुठली वस्तू, कुठल्या पट्ट्यात, किती ताकदीची हे सगळं ठरवून दिलेलं. स्वतःचं स्टेशन त्यात बसत नाही.

१०० रुपये दंड? हेही अर्धं खरं, म्हणूनच जास्त वाईट. १९३३ च्या कायद्यात १०० रुपये होते, पहिल्या गुन्ह्याला, नुसता रेडिओ सेट लायसन्सशिवाय ठेवला तर. आपल्या आजोबांच्या पिढीने पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलंय, ते हे. ट्रान्समीटरसाठी त्याच कलमात तीन वर्षांपर्यंत कैद होती. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम ४२ काढून बघा, परवानगीशिवाय नेटवर्क उभारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिहारात वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला एका पोराने चहापाण्याच्या खर्चात एफएम स्टेशन काढलं होतं, अख्खा परिसर ऐकायचा, बातम्या झाल्या, कौतुक झालं, आणि २००६ मध्ये लायसन्स नाही म्हणून बंद झालं. लोक त्या गोष्टीचा पहिला भागच पाठवतात.

मोबाइलवर एएम लागत नाही. एफएमची सोय काही फोनमध्ये असते, इअरफोनची वायर अँटेना होते, बस्स. पुढे.

जंगलातल्या रेडिओवर मला चीड आली. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत, आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानात राहून गोव्यासाठी प्रसारण केलं. सहा वर्षं, पावसाळ्यासकट. समोर पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्यांचं रेडिओ स्टेशन एमिसोरा द गोवा. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. त्यांचं नाव घेऊन प्लगच्या भोकात वायर घालायला सांगायची, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या पोराला.

भाच्याला मी नुसतं नको म्हणून आलो नाही. हॅम रेडिओची, म्हणजे छंद म्हणून लायसन्स घेऊन चालवायच्या रेडिओची, परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते, तो सतरा वर्षांचा आहे. लायसन्स मिळालं की व्हीयू थ्री ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, आणि मीडियम वेव्हच्या जरासा वर, १८२० पासून, कायदेशीर पट्टा. त्याने लगेच विचारलं, "मामा, त्याच्यावर नाटक लावता येईल?" नाही, गाणी-नाटकं लावता येत नाहीत, दुसऱ्या हॅमशी बोलायचं. तोंड पडलं. मग म्हटलं जत्रेचं नाटक फोनवरून लाइव्ह कर, कमिटीला विचारून, दुबईतला तुझा काकासुद्धा बघेल. ते त्याला फारसं आवडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळतं का ते, त्यात विहिरीपर्यंत जाऊन बघायची मजा नाही.

किट त्याच्याकडेच ठेवलंय, बॅटरी मी खिशात घालून आणली. एक्स्टेन्शन बोर्ड भंगारात. वायर अजून माडावरच आहे, मी काय चढणार. पाडेली म्हणाला नारळ पाडायला येईन तेव्हा काढतो, आणि चढवायचे घेतले तेवढेच उतरवायचे घेणार.