‘फाइव्ह पॉइंट्झ’: भिंत मालकाची होती, तरी कोर्टाने त्याला का झोडपलं?

न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ या ग्राफिटीने रंगलेल्या इमारतीबद्दल एक दावा सारखा फिरतो: “पोरांनी परक्याच्या भिंती रंगवल्या, मालकाने त्या पांढऱ्या केल्या, तर कोर्टाने त्यालाच ६७.५ लाख डॉलर दंड केला. शिवाय इमारत पाडायचीच होती!”

‘परक्याच्या भिंती’? लाँग आयलंड सिटीतला हा पाण्याच्या मीटरचा जुना कारखाना. मालक जेरी वोल्कॉफ यांच्या परवानगीनेच २००२ पासून ग्राफिटी कलाकार जोनाथन कोहेन (टोपणनाव ‘मीरेस वन’) तिथल्या भिंती कलाकारांना वाटून देत. नवख्याने आधी आपलं काम किंवा आराखडा दाखवायचा. काही भिंती थोड्या दिवसांच्या, त्यांवर पुढचा गडी रंगवणार हे ठरलेलंच. काही दीर्घकाळ राखलेल्या. या शिस्तीतूनच त्या कारखान्याला नावलौकिक मिळाला. कोर्टाने ४९ पैकी ४५ कामं ‘मान्यताप्राप्त दर्जा’ची ठरवली, म्हणजे जाणकार ज्यांचं मोल मानतात आणि म्हणून कायदा ज्यांना नष्ट होण्यापासून जपतो अशी, आणि त्यांत अल्पकाळासाठी केलेली कामंही होती.

‘दंड’ हा शब्दही चुकीचा. ती २१ कलाकारांना द्यायची भरपाई होती: दर कामामागे दीड लाख डॉलर.

राहिला ‘पाडायचीच होती’ हा मुद्दा. हे खरं आहे, आणि पाडकाम थांबवायला कोर्टाने नकारच दिला होता. घोळ घाईने केला. नोव्हेंबर २०१३ मध्ये, मनाईहुकूम नाकारण्याची कारणं देणारा लेखी निकाल हाती येण्याआधीच, रातोरात रंग फिरवला गेला. तोही इतका पातळ की खालची चित्रं पुढे कित्येक महिने दिसत राहिली. इमारत पडली २०१४ मध्ये. अमेरिकी कायद्यानुसार, चित्र काढून नेता येण्याजोगं असेल तर मालकाने लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. तेवढ्यात कलाकाराने ते नेलं नाही तर मालक मोकळा. इथे काही कामं प्लायवूडवर होती, सहज वाचली असती. चित्र भिंतीपासून सुटतच नसेल, तर ते नष्ट होऊ शकतं अशी सही केलेली संमती आधीच घ्यायची असते. तीही नव्हती.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे: कलाकृती विकली तरी तिची मोडतोड झाल्यास कलाकार दाद मागू शकतो. विज्ञान भवनातलं ब्राँझ म्युरल (भित्तिशिल्प) सरकारने काढून खराब केलं, म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५ लाख रुपये भरपाई दिली. पण त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये, दिल्लीतलं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शनगृह पाडल्याबद्दल वास्तुरचनाकार राज रेवाल यांचा दावा फेटाळला. म्हणजे नुसत्या कायद्याचा भरवसा नाही. म्हणून भिंत मागायला जाताना चित्र राहण्याची मुदत, पुसण्याआधी किती दिवस कळवायचं आणि फोटो काढायला किती वेळ, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.