खान्देश एका दिवसात: पाहुण्यांसाठी काही सूचना

नाताळच्या सुट्टीत आमचे साडूभाऊ पुण्याहून जळगावला आले. सोबत बायको, दोन पोरं आणि ऑफिसातला एक मित्र सहकुटुंब. आठ जण, दोन गाड्या. एक दिवस त्यांच्याबरोबर फिरलो आणि सुट्टीत कला कशी बघावी, बाहेर कसं जेवावं याबद्दलच्या माझ्या सगळ्या कल्पना जुनाट निघाल्या. नवं ज्ञान एकट्याजवळ दडवून ठेवू नये, म्हणून वाटतो.

पहिलं म्हणजे सगळं एकाच दिवसात बसवा. अजिंठ्याला एक दिवस आणि चाळीसगावला वेगळा दिवस, ही रिकामटेकड्यांची चैन झाली. सकाळी लेणी, दुपारी ढाबा, संध्याकाळी चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचं घर, रात्री परत जळगावात जेवण. फोनच्या नकाशावर हे सगळं वीतभर दिसतं. रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, इकडचे वाचक समजून घेतील.

सोमवारी निघालात तर उत्तमच. सोमवारी लेणी बंद असतात.

गाइड करू नका. रीलमध्ये सगळं असतं.

फर्दापूरला गाडी लावून पुढे बसने जावं लागतं. तिथे आपल्या गाडीत आजारी म्हातारी आहे असं सांगून बघावं. म्हातारी नसली तरी.

आता पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात कसं वागायचं ते नीट ऐका. आत अंधार असतो. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. याचा अर्थ सरकारने वीज वाचवली आहे असा घ्यावा आणि खिशातून फोन काढून टॉर्च लावावी. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे, हातात कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली. त्याच्याकडे पाठ करावी. पाठ केल्याशिवाय सेल्फी येत नाही. सुरक्षारक्षक "साहेब, फ्लॅश बंद करा" म्हणाला तर त्याला ऐकवावं, "आम्ही तिकीट काढलंय." 40 रुपयांचं तिकीट. 40 रुपयांत दीड हजार वर्षांच्या भिंतीवर उजेड मारायचा हक्क मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं. ती भिंत म्हणजे काय, तर कातळावर चिखल, त्यात भाताचं तूस, वर चुन्याचा हात आणि त्यावर रंग. घरातल्या भिंतीचा पोपडा निघाला तर आपण पेंटरला शिव्या घालतो. इथला निघाला तर पेंटर कुठून आणणार? निजामाच्या काळात इटलीहून माणसं बोलावून ही चित्रं जपायचा प्रयत्न झाला, त्यांनी लावलेलं रोगणच पुढे पिवळं पडलं. जाणत्या माणसांनी जपून लावलेल्या हाताने ही गत होते, मग साडूभाऊंच्या धाकट्याने वेफर्सच्या तेलकट बोटाने खांबावरचा हत्ती चाचपला त्याचं काय व्हावं? "लहान आहे हो." अकरा वर्षांचा आहे. गेमचा पासवर्ड पाठ आहे त्याला.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रजाने 1819 साली आपलं नाव कोरून ठेवलंय. मित्राने ते वाचलं आणि म्हणाला, "बघा, तेव्हापासून चालतंय." हा युक्तिवाद तुम्हीही पाठ करा, कुठेही चालतो.

रॉबर्ट गिल नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने याच चित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षानुवर्षं घातली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. त्याची कबर भुसावळला आहे. आमच्या मंडळींनी सोळा आणि सतरा क्रमांकाची लेणी मिळून नऊ मिनिटांत उरकली, त्यामुळे गिल जरा मंदच असावा.

जेवणाकडे वळू. ढाब्यावर शेवभाजी मागवायची असते, कारण ती फोटोत छान येते, लालभडक तर्री आणि वर शेव. मग फोटो काढावा. मग उजेड बदलून दुसरा काढावा. मग वाटी खिडकीकडे न्यावी. शेवभाजीची शेव तर्रीत पडली की माणसाने गप्प बसून भाकरी मोडायला घ्यायची असते, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बारा मिनिटांनी वाटीत शेव नव्हती, लगदा होता. तो चाखून वहिनी म्हणाल्या, "हायप जास्त आहे हो तुमच्या शेवभाजीचा." मग पोऱ्याला बोलावून "कमी तिखट, थोडी गोडसर" अशी दुसरी मागवली. तो पोऱ्या माझ्याकडे बघत उभा राहिला. मी मान खाली घातली.

चाळीसगावला पोहोचेपर्यंत उन्हं उतरली होती. केकी मूस हा माणूस स्टेशनजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात काही दशकं जवळपास कोंडून घेऊन राहिला, 1989 साली गेला, तेही तिथेच. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून तो असे देखावे रचायचा की फोटोत अख्खा डोंगर किंवा गाव वाटावं. हा प्रकार समजावून सांगत होतो, तर साडूभाऊ म्हणाले, "हे आता एआयमध्ये दोन सेकंदांत होतं." मित्राने विचारलं, "वॉशरूम कुठे?" थोरली पोरगी मात्र एका फोटोसमोर बराच वेळ उभी होती. तिला "चल गं, उशीर होतोय" म्हणून दंडाला धरून बाहेर आणलं.

आता रात्रीचं. रात्रीचं जेवण नेहमी एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्येच घ्यावं. आतेभावाने त्याच्या मळ्यात भरीत पार्टी ठरवली असेल, दुपारपासून काड्या गोळा केल्या असतील, आठ किलो हिरवी वांगी भाजली असतील, बडगीत मिरची-लसूण ठेचून ठेवला असेल, त्याच्या बायकोने कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या असतील, तरी मुलांना मंचुरियन हवं असतं. अशा वेळी त्याला रात्री पावणेनऊला फोन करून सांगावं, "अरे, सगळे दमलेत, पुढच्या वेळी." तो फोन मी केला. तो फक्त "बरं" म्हणाला. त्यानंतर पनीर बटर मसाल्यासाठी आम्ही पन्नास मिनिटं थांबलो आणि साडूभाऊंनी पद्मपाणीचा फोटो टेबलावर फिरवला. फोटोत त्यांचा गाल होता. मागे फ्लॅशचा पांढरा डाग. पद्मपाणी नव्हता.

साडूभाऊ, हा लेख तुम्ही वाचणार, बायको तुम्हाला पाठवणारच आहे, म्हणून आता सरळच बोलतो. तुम्हाला चित्रं आवडत नाहीत तर नका बघू, त्यात लाज कसली? बाहेर वाघोरा नदी आहे, झाडाखाली बसा, पेरू खा. पण आत शिरून त्या भिंतीवर टॉर्च मारू नका, आणि तुम्हाला अडवणाऱ्या माणसाला पैशाचा माज दाखवू नका. दिवसभर तिथे उभं राहून तुमच्यासारख्या शेकडो लोकांना तेच तेच सांगतो तो. पोराच्या हातातली वेफर्सची पुडी मला दिसली होती. मीच काढून घ्यायला हवी होती. पाहुणे आहेत म्हणून गप्प बसलो, आणि आतेभावाला तो फोनही मीच केला. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायला मळ्यात गेलो. सोललेली वांगी काळी पडली होती आणि आतेभावाच्या बायकोने ती गाईपुढे टाकली होती. आतेभाऊ मला चहा घे म्हणाला नाही.