घरून काम म्हणजे कामचुकारपणा? काका, हे वाचा

काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय, 'घरून काम हा आळशी पिढीचा हट्ट'. तो नेमका ताईने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायचं ठरवतेय असं सांगितल्यावर टाकला, म्हणून राहवलं नाही.

पहिला दावा, घरी बसलं की काम घसरतं. ट्रिप डॉट कॉम नावाची मोठी ट्रॅव्हल कंपनी आहे, तिच्या शांघाय ऑफिसात 1,612 जणांवर 2021-22 मध्ये सहा महिने प्रयोग झाला. ज्यांची जन्मतारीख विषम त्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम करायची मुभा, सम तारखेवाल्यांनी पाचही दिवस ऑफिसात यायचं. म्हणजे मेहनती कोण, आळशी कोण हे बघून गट पाडलेच नव्हते. पुढची दोन वर्षं त्यांचे अप्रेझल आणि प्रमोशन तपासले तर काहीच फरक नाही. नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले, आणि हा फायदा जास्त दिसला तो बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये! सुरुवातीला मॅनेजर लोकांनाही वाटत होतं की काम घटेल, प्रयोग संपेपर्यंत त्यांचंच मत बदललं. 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय हे, कुणाचं ऐकीव नाही.

आता ताईचं बघा. वारज्याहून हिंजवडीला जाते, भूमकर चौकात बस अडकली की एका कानावर हात दाबून तिथूनच स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, घेते. घरी आल्यावर स्वयंपाक आणि पोराचा अभ्यास आहेच. तिला आळशी म्हणायची हिंमत कशी होते?

दुसरा दावा तर संतापजनक आहे, 'ताण हा मनाचा खेळ, दहा मिनिटं प्राणायाम करा आणि आठवड्याला 70 तास काम करा.' प्राणायाम जरूर करा, पण त्याने कामाचे तास कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35-40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त असतो. असले सल्ले ऐकून माणसं त्रास अंगावर काढतात आणि डॉक्टरकडे जायला उशीर करतात, खरं नुकसान तिथे होतं.

नवीन मुलं घरून काम करताना शिकत नाहीत, हे थोडंफार खरं आहे, मान्य. सिनियरच्या शेजारी बसून जे कळतं ते कॉलवर कळत नाही. सातही दिवस घरात बसून एकटं पडायला होतं हेही खरं. पण ताई कायमचं घरून काम कुठे मागतेय, दोनच दिवस मागतेय ना?

बाकी 'आमच्या वेळी' वगैरेवर काय बोलायचं, तुमच्या वेळी रात्री अकराला ऑफिसचा मेसेज येत नव्हता.

ताई सोमवारी मॅनेजरला मेल करणार आहे, त्याला हा शांघायचा अभ्यास जोडायला सांगितलंय.