नोबडी केअर्ड

रविवारी घरात मटण शिजत होतं आणि मी एमपीयू-६०५० या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर (लिनक्सला तो वापरता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम) लिहीत होतो. शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या मोटरची थरथर मोजायची होती. आधी दर मिलिसेकंदाला सेन्सरला "झालं का?" विचारायचो. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीशेजारी पेला धरून उभं राहावं तसं. सेकंदाला नमुने १००च, त्यामुळं दहातून नऊ वेळा तो जुनाच आकडा हातावर ठेवायचा. म्हटलं, इंटरप्ट लावू. त्यानं बेल वाजवायची, आपण दार उघडायचं.

कुठली पिन कशी वापरायची हे लिनक्सला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्री फाइलीत 'लेव्हल लो' लिहिलं, म्हणजे पिन लो (खाली) असेल तोवर बेल. (जुन्या प्रोजेक्टातून उचललं, सगळं कोण हातानं लिहितंय?) या सेन्सरची पिन मुळात निवांत असताना लो, काम निघालं की हाय. म्हणजे दारात कुणी नाही आणि बेल अखंड वाजतीय. माझा हँडलर (बेल वाजली की धावणारा कोड) रिकामा, "माझं नव्हे" म्हणून परत फिरणारा. लिनक्सची सोशिकता बघा: एक लाख हाकांतल्या ९९,९०० पेक्षा जास्त वाया गेल्या, तेव्हा कुठं त्यानं 'नोबडी केअर्ड' लिहून ती लाइन बंद केली.

आमच्या आईचा आकडा तीन आहे.

"जेवायला येतोस का न्हाई रं?" ही पहिली.

मग 'रायझिंग एज' केलं, म्हणजे पिन खालून वर जाते त्या क्षणालाच बेल. किती वेळा बेल वाजली ते दाखवणाऱ्या प्रॉक-इंटरप्ट्समध्ये १ उमटला. नाचायचाच बाकी होतो. पाच मिनिटांनी बघतो तर १. बोर्ड खुळखुळ्यासारखा हलवला, १. डेटाशीट उघडलं. लॅच मीच चालू केलेला! पिन वर गेली ती वरच. ५८ नंबरचं स्टेटस रजिस्टर वाचल्याशिवाय खाली येत नाही, आणि खाली आल्याशिवाय पुन्हा वर चढणार कुठून?

"रस्सा निवला." दुसरी.

रजिस्टर वाचायचं आयटूसीवरून, म्हणजे सेन्सरशी बोलायच्या दोन तारांवरून. आयटूसी वाट बघताना झोपतो, आणि हार्ड इंटरप्टमध्ये झोपायची बंदी. म्हणून थ्रेडेड इंटरप्ट: काम मागनं, झोपायची मुभा असलेल्या थ्रेडमध्ये. त्याला वनशॉट फ्लॅग (काम संपेपर्यंत बेल बंद) नसला तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दारातूनच परत पाठवतो. पाठवलं.

"झाकून ठेवलंय." तिसरी. लाइन बंद.

शेवटी आकडा पळायला लागला. ३१२, ४१२, ५१२... ओरडतच बाहेर आलो. आई सोफ्यावर टीव्ही बघत बसलेली, आणि दाराची बेल थांबायचं नाव घेईना. उघडलं तर कागलचे मामा, एका हातात पिशवी, दुसऱ्याचं बोट अजून बटणावर.

"आई, बेल ऐकू आली न्हाई तुला?"

"पंधरा मिनिटं ऐकतोय की! मला वाटलं तुझ्याच मशिनीची हाय."