जिम्नीला डिझेल का आलं नाही, आणि खरं तर कोणतं इंजिन यायला हवं होतं

गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मारुतीच्या जिम्नीबद्दल, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या फोर-बाय-फोरबद्दल, एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: मारुतीकडे १.३ डिझेल इंजिन तयार पडून होतं, चार माउंटिंग बदलली की ते जिम्नीत बसलं असतं. बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे नियम) हा नुसता बहाणा. महिंद्राला थार जमली, मग यांना का नाही? डिझेलला करही कमी लागला असता, ॲव्हरेज २२ मिळालं असतं. आपला मिस्त्री महिन्यात करून देईल ते कंपनीने मुद्दाम केलं नाही.

यामागची मागणी अगदी रास्त आहे. आपल्या कोल्हापूरकडचा दाजीपूरचा पाऊस, गगनबावड्याचा चढ आणि उसाच्या फडाकडं जाणारी चिखलाची पाणंद झेपणारी, चार मीटरच्या आतली, हलकी फोर-बाय-फोर आज आहे त्याहून स्वस्त मिळायला हवी होती. म्हणूनच तिच्यासाठी चुकीचं इंजिन मागितलं जाऊ नये.

“इंजिन तयार पडून होतं”

नव्हतं. १.३ मल्टिजेट मुळात फियाटचं. मारुती ते परवान्यावर मानेसरला बनवायची, टाटा आणि फियाटसाठी तेच पुण्याजवळ रांजणगावला बनायचं. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ लागू झालं आणि मारुतीनं डिझेल पूर्ण बंद केलं. सियाझ-एर्टिगात नुकतंच आलेलं स्वतःचं १.५ डिझेलसुद्धा गेलं. पाच दारांची जिम्नी दिसली जानेवारी २०२३ मध्ये आणि विक्रीला आली जूनमध्ये. तीन वर्षं बंद असलेलं इंजिन कपाटातून काढून पुसून बसवता येत नाही. लाइन थांबली की ओतकामाचे साचे (पॅटर्न, कोअर बॉक्स) आणि फिक्स्चर दुसऱ्या कामाला लागतात किंवा भंगारात जातात. शिरोली एमआयडीसीत ब्लॉक आणि हेड ओतणाऱ्या कुणालाही विचारा, महिन्याला पाचशे नगांसाठी बंद पडलेला जॉब नव्याने उभा करायचा म्हटलं की दर कुठं जातो.

“चार माउंटिंग बदलली की बसलं”

स्विफ्ट-डिझायरमध्ये हे इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसायचं; जिम्नीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, लागतं. कुणी म्हणेल, जिम्नीचं १.५ पेट्रोलही एर्टिगात आडवंच होतं, ते कसं वळवलं? वळवलं, पण जगभरच्या जिम्नीसाठी, २०१८ मध्ये. तो खर्च कितीतरी देशांतल्या गाड्यांवर वाटला गेला. डिझेलचा खर्च एकट्या भारतातल्या गाडीनं उचलायचा होता.

इंजिन वळवलं की त्याला गिअरबॉक्सशी जोडणारं बेल हाउसिंग नवं, फ्लायव्हील आणि क्लच नवे, मॅनिफोल्ड, इंटरकूलरचे पाइप आणि वायरिंगही नवं. पण सगळ्यात अवघड काम इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरचं. जिम्नीला पुढेही दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल आहे, आणि त्याच्यावर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे दाते. खड्ड्यात चाक वर आलं की डिफरन्शियलचा गोळा चेंबरच्या दिशेनं वर येतो. त्यामुळे चेंबरचा खोल भाग पुढे किंवा मागे सरकवावा लागतो, त्याबरोबर तेल ओढणारी जाळीही सरकते. मग गाडी तीव्र चढावर किंवा एका कुशीवर कलली की जाळी तेलाबाहेर राहू शकते. काही सेकंद दाब गेला तरी बेअरिंगला ओरखडे येतात, आणि टर्बोचं बेअरिंग आधी जातं. हे चेंबर पत्रा कापून वेल्डिंग केलं म्हणून होत नाही. कलत्या टेबलावर इंजिन चालवून, तेलाचा दाब मोजून ते ठरवावं लागतं.

दुसरी अडचण गिअरच्या दातांची. जिम्नीचं पेट्रोल १०५ पीएस ताकद मिनिटाला ६,००० फेऱ्यांना देतं. १.३ डिझेल, ९० पीएसवालं, ४,००० ला संपतं. डिफरन्शियलमधली तीच क्राउन-पिनियन दातांची जोडी ठेवली तर हमरस्त्यावर इंजिन सतत ओरडत राहील. म्हणजे पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल बदलायची, आणि दोन्हीचं गुणोत्तर तंतोतंत एकच हवं. त्यात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३४ वरून २०० एनएमवर जातो. समजा पहिला गिअर ४ पट आणि लो रेंज (रांगण्यासाठीचा जादा गिअर) २ पट, तर डिफरन्शियलकडे जाणारा टॉर्क १,०७२ ऐवजी १,६०० एनएम. चाक दगडात अडकलं असताना हा फरक चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या सीव्ही जॉइंट आणि हाफ शाफ्टच्या अंगावर येतो.

वजनही पुढेच वाढतं. पेट्रोलचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, १.३ डिझेलचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा), आणि बीड आकारमानाला ॲल्युमिनियमच्या अडीच पटीहून जड.

हे अशक्य होतं असं आम्ही म्हणत नाही. आधीच्या पिढीची जिम्नी युरोपात रेनोच्या १.५ डिझेलसह मिळायची, गाडी स्पेनमध्ये बनायची. पण ते युरो ६ च्या आधीचं इंजिन होतं.

“बीएस ६ हा बहाणा”

बीएस ४ ला डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालायचं, बीएस ६ ला ८०. काजळी २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर. पेट्रोलची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मात्र ८० वरून ६० एवढीच उतरली. म्हणून पेट्रोल थोड्या बदलात निभावलं आणि डिझेलला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) लागला, जोडीला नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणारा कॅटॅलिस्ट नाहीतर युरियाची टाकी. एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष चाचणीची अटही आली.

डीपीएफ आपल्याकडे कसा त्रास देतो हे नीट समजून घ्या. अडकलेली काजळी जाळायला धुराचं तापमान साधारण ६०० अंशांवर न्यावं लागतं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एवढीच रोजची फेरी, त्यात हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं १५ च्या वेगानं रांगणं, यात ते तापमान टिकतच नाही. जाळणं अर्ध्यात तुटतं आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर तेल पातळ होतंय असं समजा आणि लगेच बदला. डीपीएफचा दिवा लागला की गाडी हमरस्त्याला काढून इंजिनच्या फेऱ्या २,००० च्या वर ठेवत वीसेक मिनिटं सलग चालवा, मध्येच बंद करू नका. घाट उतरताना काजळी जळत नाही, कारण ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंधन तुटतं आणि सायलेन्सर थंड पडतो. म्हणजे ज्या वापरासाठी ही गाडी मागितली जातेय, नेमक्या त्याच वापरात हे यंत्र चोंदतं.

“महिंद्राला जमलं”

जमलं, कारण त्यांचं १.५ डिझेल बीएस ६ मध्ये जिवंत होतं आणि एक्सयूव्ही३०० सारख्या गाड्यांत विकलं जात होतं. आणि जानेवारी २०२३ मध्ये आलेली १.५ डिझेल थार फक्त मागच्या चाकांवर चालते. तिला फोर-बाय-फोर दिलेलंच नाही.

“मिस्त्री करून देईल”

उद्यमनगरातल्या हातांना ते जमेल, यात शंका नाही. पण मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता नोंदणीत नसलेला असा बदल चालत नाही. एमएच ०९ ची पाटी राहील, पण अपघात झाला तर विम्याचा दावा अडेल.

“कर कमी लागला असता”

हा मुद्दा खरा आहे, आणि मेसेजमधला सगळ्यात वजनदार. चार मीटरच्या आत असूनही जिम्नीचं १,४६२ सीसी पेट्रोल १,२०० च्या वर जातं, म्हणून ती मोठ्या गाडीच्या करात पडते. डिझेलला मर्यादा १,५०० सीसीची. २०२३ मध्ये हा फरक ४५ आणि ३१ टक्के असा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० आणि १८ टक्के.

आता आकडे मांडू. करापूर्वीची किंमत ८ लाख धरा, आणि टर्बो, कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल फवारणारी यंत्रणा), डीपीएफ यांचा मिळून डिझेलचा जादा खर्च दीड लाख. २०२३ च्या करानं पेट्रोल ११.६० लाख, डिझेल १२.४५. गाडी ठरली तेव्हा डिझेल महागच पडत होतं. आजच्या करानं पेट्रोल ११.२० आणि डिझेल ११.२१. इतकी मोठी करसवलत सगळीच्या सगळी डिझेलच्या सामानात जिरते.

पण ही सवलत घ्यायला दुसरी वाट होती, आणि ती मारुतीच्या हातात होती. जानेवारी २०२३ च्या ज्या ऑटो एक्स्पोत जिम्नी दिसली, तिथंच तिच्या शेजारी मारुतीची फ्राँक्स आली. तिच्यात ९९८ सीसीचं टर्बो पेट्रोल आहे: १०० पीएस, १४७.६ एनएम. म्हणजे ताकद जवळपास जिम्नीएवढी, टॉर्क जास्त, आणि तोही २,००० फेऱ्यांपासून. जिम्नीचा १३४ एनएम ४,००० ला येतो, करूळ घाटातल्या वळणावर तो फरक पायाला कळतो. टर्बो पेट्रोलचा जादा खर्च ४० हजार धरला तर १८ टक्क्यांनी गाडी ९.९१ लाखाला बसते. आजच्यापेक्षा सव्वा लाखाहून जास्त स्वस्त.

“२२ चं ॲव्हरेज”

मॅन्युअल जिम्नीचा कागदावरचा आकडा १६.९४. चौकोनी अंग आणि फोर-बाय-फोरचं ओझं बघता डिझेलला प्रत्यक्षात १७ धरा, टर्बो पेट्रोलला १३. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर किलोमीटरला ८.०८ आणि ५.४१, म्हणजे २.६७ रुपयांची बचत. टर्बो पेट्रोलपेक्षा डिझेल १.३० लाखानं महाग, तर ते पैसे फिटायला सुमारे ४९ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला २५ हजार पळवणाऱ्याला दोन वर्षांत फिटतील, त्याच्यासाठी डिझेलच बरं. दहा हजार चालवणाऱ्याला पाच वर्षं.

टर्बो पेट्रोललाही उभं करायचं काम चुकत नाही. बेल हाउसिंग, चेंबर, मॅनिफोल्ड सगळं करावंच लागेल. पण क्राउन-पिनियनला फारसा हात लावावा लागत नाही, डीपीएफ नाही, युरिया नाही, पुढचं वजन वाढत नाही. आणि जपानमध्ये सुझुकी ६५८ सीसीचं टर्बो पेट्रोल जिम्नीत उभंच बसवते, म्हणजे टर्बोची उष्णता, पाइपांची वाट आणि चेंबरचा आकार हा अभ्यास घरात झालेला आहे. आपल्याकडच्या वापरासाठी इंटरकूलर चिखलापासून वर घ्यावा, लो रेंजमध्ये रांगताना पंखा लवकर सुरू व्हावा आणि तेल बदलायची मुदत कमी ठेवावी. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर “डिझेल” खोडून तिथं “एक लिटर टर्बो, फोर-बाय-फोरसह” लिहा.