टॉगल स्विचमध्ये तोल महत्त्वाचा

जनुकं बदलून जिवाणूंकडून नोंद ठेवून घेण्यावरच्या तुमच्या लेखात 'जिवाणूंना आठवण ठेवायला शिकवलं' एवढंच आलंय. ती टिकते कशी हे राहून गेलं, म्हणून लिहिते.

2000 साली गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स या संशोधकांनी ई. कोलाय या जिवाणूत टॉगल स्विच (दोनपैकी एका अवस्थेत टिकून राहणारी जनुकांची रचना) बसवला. एकमेकांना दाबून धरणारी दोन जनुकं, बस्स. आयपीटीजी हे रसायन थोडा वेळ घातलं की एका दमनकाचा (दुसऱ्या जनुकाला दाबणाऱ्या प्रथिनाचा) जोर ओसरतो, दुसरी बाजू वर येते आणि आयपीटीजी धुऊन काढलं तरी वरच राहते. खरी मेख तोल साधण्यात आहे. एका बाजूचं रायबोसोम बंधस्थान (जनुकापासून प्रथिन किती बनेल हे ठरवणारा तुकडा) जोरकस झालं की पेशी कायम एकाच अवस्थेकडे घसरते. त्यांच्या स्वतःच्या एका रचनेतही दोन स्थिर अवस्था मिळाल्या नाहीत. नागपुरात बायोटेक शिकवताना बघते, मुलं लगेच प्रमोटर (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) बदलायला धावतात. आधी बंधस्थान बघा रे, असं त्यांना सांगावं लागतं.

नाग नदीचं पाणी तपासायला असे जिवाणू वापरावेत, ही तुमची सूचना मनापासून आवडली. पण त्यासाठी टॉगलपेक्षा रिकॉम्बिनेज (डीएनए कापून पुन्हा जोडणारं विकर) बरा. त्यात डीएनएचा तुकडाच उलटा फिरतो, त्यामुळे पेशी मेली तरी नोंद पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढून तपासण्याच्या पद्धतीने) वाचता येते. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने तो तुकडा पुन्हा सुलटा करूनही दाखवला.

आणि एक गोष्ट ठळक लिहायला हवी होती: जिवाणू नदीत सोडायचे नाहीत. पाणी बाटलीत भरून बंद प्रयोगशाळेत आणायचं. उघड्यावर सोडायचे तर केंद्राच्या जीईएसीची (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची) परवानगी लागते.