‘रडगाणं’ या एका शब्दाबद्दल

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या (कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या बेसबॉल टीमच्या, आम्हा इथल्यांच्या ‘ए’ज’च्या) ओकलंडमधल्या शेवटच्या हंगामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘सतत हरणाऱ्या टीमसाठी एवढं रडगाणं कशाला? स्टेडियम रिकामंच असायचं, मग मालक टीम घेऊन गेला तर त्याचं चुकलं काय? पन्नास हजार लोक होते म्हणे, थापा! नाशिकच्या माणसाला बेसबॉलचा एवढा पुळका?’

आकड्याचं आधी सांगतो. 26 सप्टेंबर 2024 च्या, ओकलंडमधल्या शेवटच्या सामन्याला 46,889 लोक होते, मी पन्नास हजार लिहिले. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. पण चूक दाखवायला ‘थापा’ म्हणावं लागतं का?

आता ‘रडगाणं’. दोन दिवस हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

मी 2001 मध्ये ओकलंडजवळच्या फ्रीमाँटला आलो तेव्हा इथे माझं कुणीही नव्हतं. शनिवारी बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, कॉलिझियम स्टेशनवर उतरायचं आणि पुलावरून चालत थेट ए’जच्या मैदानात जायचं, एवढाच माझा विरंगुळा. 4 सप्टेंबर 2002 ला मी तिथे होतो. कॅन्सस सिटीविरुद्ध आमची 11-0 अशी आघाडी होती, ती जाऊन 11-11 झालं आणि नवव्या, शेवटच्या डावात आमच्या हॅटेबर्गने होमरन मारला. सलग विसावा विजय. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या होत्या. पुढे बाबा नाशिकहून आले, तर शेजारच्या सीटवरच्या एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना खुणांनी स्ट्राइक आणि बॉल शिकवले. बाबा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर स्कोअर मांडायचे. ती पानं अजून माझ्याकडे आहेत. तुम्ही यातलं काय पाहिलंय, म्हणून मला ‘पुळका’ शिकवता?

आणि ‘सतत हरणारी’? 2018 आणि 2019, दोन्ही वर्षी या टीमने 97 सामने जिंकले. 2019 मध्ये 16 लाखांहून जास्त प्रेक्षक आले. मग 2022 चा हंगाम सुरू होण्याआधीच चांगले खेळाडू दुसऱ्या टीमना देऊन टाकले: ऑल्सन गेला, चॅपमन गेला, मनाया गेला. त्या वर्षी 102 पराभव, पुढच्या वर्षी 112. घरातली भांडी विकून टाकायची आणि वर म्हणायचं की इथे कुणी जेवायला येत नाही, असला हा प्रकार. तरीही 13 जून 2023 ला, मंगळवारी, 27,759 माणसं मालकाला ‘सेल, सेल’ (विका, विका) ओरडायला आली होती. टीम विका, पण ओकलंडमध्ये राहू द्या, एवढंच मागणं होतं. 16 नोव्हेंबर 2023 ला लीगमधल्या सगळ्या टीमच्या मालकांनी एकमताने लास वेगासला जायची परवानगी दिली. म्हणजे 2024 चा हंगाम सुरू झाला तेव्हाच निकाल लागलेला होता. तेव्हा कोण येणार होतं रोज? आम्ही काहीजण येत होतो. उजवीकडच्या स्टँडमध्ये ढोल वाजत होते. 69 विजय, 93 पराभव.

लास वेगास, सॅक्रामेंटो, ओकलंडमधल्या नव्या स्टेडियमसाठी सुचवलेली हॉवर्ड टर्मिनलची जागा, कराचा पैसा यांवर तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देत बसत नाही. मूळ लेखात ते सगळं आहे. तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.

ओकलंडची बास्केटबॉल टीम वॉरियर्स 2019 मध्ये गेली, फुटबॉलवाले रेडर्स 2020 मध्ये. ए’ज तेवढे उरले होते, 1968 पासूनचे. त्या शेवटच्या सामन्यात, 26 सप्टेंबरला, आम्ही टेक्सासला 3-2 ने हरवलं. मॅनेजर कॉट्से माइक घेऊन मैदानात उभा राहिला आणि त्याने आमच्याकडून ‘लेट्स गो ओकलंड’ म्हणवून घेतलं. नंतर कितीतरी वेळ कुणी जागचं हललं नाही. मैदान सांभाळणाऱ्या माणसांनी लोकांना माती दिली. मी ती बियरच्या रिकाम्या कपात घेतली. तो कप देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे, बाबांच्या त्या पानांशेजारी. रडगाणं म्हणायचंच असेल तर घरी या आणि त्याच्यासमोर म्हणा.